येतानाचा वारा

विमान कंपनीच्या नियोजन कक्षात त्याला सगळे ‘जाताना-येताना’ म्हणत. कुणी सहज विचारलं, “या दोन विमानतळांमध्ये वेळ किती लागतो हो?” की हा हातातलं काम बाजूला ठेवून विचारायचा, “जाताना की येताना?” नवे लोक पाठीमागे हसायचे. अंतर एकवीसशे चाळीस किलोमीटर; त्यात जाताना काय नि येताना काय?

पण तेवढ्या उंचीवर वारा बहुतेक एकाच अंगाने वाहतो. जाताना तो पाठीशी, म्हणून दोन तास चाळीस मिनिटं. येताना तोंडावर, म्हणून तीन वीस. हे त्याला नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून तोंडपाठ होतं. तरी आठ वर्षांपूर्वी तो चुकला.

वडील घरी शेवटच्या घटका मोजत होते. त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा फोन आला, “दादा, बसले. एक वीसला सुटतंय.” तिकीट बघायची त्याला काय गरज? त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि धरला तो जातानाचा वेळ. वडिलांच्या कानाशी वाकून म्हणाला, “चारला उतरेल, पाचला तुमच्यापाशी.”

घड्याळ दिसावं म्हणून वडिलांनी उशी उंच करून घेतली. पाच वाजले. पाच-दहाला ते म्हणाले, “आता नाही येत ती,” आणि भिंतीकडे तोंड केलं. सव्वापाचला गेले. बहीण पावणेसहाला दारात उभी. विमानाने घात केला, असं सगळे म्हणाले. तो गप्प राहिला. तिने विचारलं तेव्हा म्हणाला, “झोपेतच गेले गं.” त्यानंतर ती परत आली नाही.

ऑफिसात पडद्यावर दोन चाळीस हा आकडा उमटला की त्याला मागे पलंग करकरल्याचा, कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज येई. तो वळून बघायचा. मागे फायलींचं कपाट.

गेल्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. “दादा, तिकीट काढलं बरं का. येताना तीन वीस, परतताना दोन चाळीस. रस्ता एकच ना? की येताना तुमचं विमान चहाला थांबतं?”

“वारा असतो समोरून.”

“असं होय. बरं, ठेवते.”

तेवढ्यावर सुटता आलं असतं. पण मागे पुन्हा करकर झाली, आणि तो बोलून गेला. “त्या दिवशी मी बाबांना पाच सांगितलं होतं. विमान वेळेवरच होतं. चूक माझी होती.”



“मग झोपेत नव्हते ते?”

“नाही. ‘आता नाही येत ती’ म्हणाले.”

“किती वाजता?”

“पाच-दहाला.”

“मी टॅक्सीत होते तेव्हा,” ती म्हणाली. फोन तिने ठेवला नाही. त्यानेही नाही.