लाकडातले आमचे हे

बायांनो, आज मी मोठ्या आनंदात नातीचं प्रदर्शन पाहाले गेली होती. चहा लय गोड होता, पण जाऊ द्या.

आमच्या पिंकीनं तिच्या वारलेल्या आजोबाचा चेहरा लाकडात कोरला. शाई लावून कागदावर छापे काढून राहिली होती. कागद गुळगुळीत, पण लाकडावर बोटं फिरवली त आमच्या ह्यायचं नाक, मिशा, सगळं हाताले लागलं.

शेवटचा छापा निघाला अन् पोरीनं त्या चेहऱ्यावर आडवी चीर मारली.

"काहून वं, आजोबाले चिरलं?"

"आजी, छापे मोजकेच काढायचे असतात, पुन्हा कोणी छापू नये म्हणून चिरलं. नियमच आहे तसा."

ते लाकूड पिंकीले मागून घरी आणलं. आता गालावर चीर लागते, तरी हात फिरवून राहिली.

तुमच्या गेलेल्या माणसाचं हाताले लागंल असं काय उरलं आहे?