नंबर अस्पष्ट

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. सारी नोकरी पोलीस खात्यात झाली. खून पाहिले, दरोडे उघडकीस आणले, दंगलीत दगड खाल्ले. त्यातलं पुष्कळसं आता विसरलो. ही साधी मोटारसायकलची धडक मात्र विसरता येत नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातला, सेनगाव तालुक्यातला. साखऱ्याच्या बाजूला आमची कोरडवाहू शेती. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी आजही छाती काढून सांगतो, कारण ते सोपं नव्हतं. मी शिकावं म्हणून थोरल्या भावानं शाळा सोडली आणि औत धरलं. पुढे मी फौजदार झालो आणि नोकरीच्या शेवटच्या काळात महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही. माणसांचीही सांगणार नाही.

हळदीचा हंगाम होता. सकाळी ग्रामीण रुग्णालयातून वर्दी आली की रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका बाईला मोटारसायकलनं उडवलंय. बाई चाळिशीतली, बौद्ध वस्तीतली. हळद पॉलिशच्या कामावर जायला टमटमची वाट पाहत होती. पायाचं हाड बाहेर आलेलं आणि डोक्याला मार. शुद्ध नव्हती म्हणून तिला तसंच नांदेडला हलवलं. मोटारसायकलवाला पळून गेला होता.

हवालदारानं जागेचा पंचनामा केला. रक्त, तुटलेली चप्पल, जेवणाचा डबा आणि नारिंगी प्लास्टिकचा एक तुकडा मिळाला. दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. म्हणाला, "ज्या पोरानं बाईला दवाखान्यात नेलं ना, त्याचीच गाडी पाहा. समोरचा लाइट फुटेल हाय. कपड्याला रक्त हाय."

हवालदार पोराला घेऊन आला. बाईच्याच वस्तीतला, विशीतला, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. अंगात पळायची बनियन, तिच्यावर वाळलेलं रक्त. पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे बापाची जुनी मोटारसायकल घेऊन शाळेच्या मैदानावर पळायला जायचा.

हवालदार माझा जुना माणूस, बोलायला तिखट. त्यानं सुरुवात केली. "काय रे, बाईला उडवलं आन् तूच दवाखान्यात घेऊन गेला? लई शहाणा हायेस."

"उडवली असती तर थांबलो असतो का साहेब? पळालो नसतो का?"

"लाइट कसा फुटला?"

"दिवाळीपासून फुटेलच हाय. वस्तीत कुणालाबी इचारा."

मी विचारलं, "मग उडवलं कोणी?"

त्यानं आधी दाराकडे पाहिलं. "सांगितलं तर तुमाला राग येईल साहेब."

"बोल."

"गाडी पोलिसाची होती. मागं लिहेल होतं, लाल-निळ्या पट्टीवर. फाट्याकडं गेली."

हवालदार मोठ्यानं हसला. "घ्या. पोलीस व्हायला निघाला आन् पोलिसावरच घालून राहिला. वर्दी मिळायच्या आधीच हे शिकला, मोठा साहेब व्हईल हा."

पोरगं खाली मान घालून म्हणालं, "साहेब, मारा पाहिजे तर, पण गुन्ह्यात नाव नका घेऊ. चारित्र्य पडताळणीत कटतो मी. आमच्या घरात कुणीच इतकं शिकलं न्हाई."

बाहेर बाकावर त्याचा बाप बसला होता. मी बाहेर आलो तसा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "म्या ह्याला किती बार म्हणलो साहेब, रोडवर पडेल माणूस उचलायचं न्हाई. ऐकत न्हाई." 

चौकशीत एक गोष्ट अनेकदा पाहिली आहे. खोटं बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला पटेल असं बोलतो. हे पोरगं आम्हाला सर्वात न पटणारी गोष्ट सांगत होतं, आणि तीही आमच्याच ठाण्यात बसून. मी त्याची मोटारसायकल पाहायला आवारात गेलो. समोरचा लाइट फुटलेला होता खरा, काचेच्या कडांवर धूळ बसलेली. चारही इंडिकेटर मात्र शाबूत होते. पंचनाम्यातला नारिंगी तुकडा इंडिकेटरचा होता. म्हणजे गाडी दुसरी होती. हवालदाराला तुकडा दाखवला तेव्हा तो म्हणाला, "रोडवर कचरा पडेलच राहतो साहेब."

त्या सकाळी फाट्याच्या अलीकडे वाहतूक शाखेची कॅमेऱ्याची गाडी उभी होती. ही गाडी म्हणजे पांढरी जीप, तिच्यात वेग मोजणारं यंत्र. येणाऱ्या वाहनाचा वेग मर्यादेपेक्षा जास्त असला की यंत्र फोटो काढतं. आत बसलेला शिपाई फोटो पाहतो, नंबर स्पष्ट असला तर पुढे पाठवतो आणि मालकाच्या फोनवर चलन जातं. नंबर वाचता येत नसला तर त्यावर 'नंबर अस्पष्ट' असा शेरा मारून फोटो बाद करतो. बाद फोटो काही काळ यंत्रातच राहतात. पोरगं खरं बोलत असेल तर पळणारी गाडी त्या यंत्रासमोरून गेली असणार, आणि पळणारा हळू जात नाही.

मी स्वतः जीपमध्ये जाऊन बसलो. शिपाई तरुण, कामात हुशार. त्यानं चलन गेलेले सगळे फोटो दाखवले. ट्रक, कार, चार-दोन मोटारसायकली. इंडिकेटर तुटलेली एकही नाही.

"बाद केलेले दाखव."

"ते काय पाहता साहेब? नंबर दिसत न्हाई त्यात."

"दाखव तरी."

त्यानं पडद्यावर ते उघडले. मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. नंबर अगदी स्वच्छ दिसत होते. काही फोटो खरोखर धुरकट होते. बाकीच्यांत मात्र आकडे लख्ख होते आणि आकड्यांच्या वर, काचेवर नाहीतर मडगार्डवर, 'पोलीस' असं लिहिलेलं होतं.

"हा कोण?" मी विचारलं.

"आपल्या त्या साहेबांचे साडू."

"आणि हा?"

"मॅडमचे भाऊ. दुधाचा धंदा हाय त्यांचा."

पुढचा फोटो आला. काळी मोटारसायकल. उजव्या बाजूचा इंडिकेटर वायरला लोंबत होता. वेग नव्वदच्या पुढे. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, त्यामुळे ओळखायला नंबरची गरज पडली नाही. ही गाडी घेतली तेव्हा आमच्या अंगणात तिच्यापुढे नारळ मीच फोडला होता. गाडीवर माझा पुतण्या होता, थोरल्या भावाचा मुलगा. नारळ फोडला त्या दिवशी गाडीवर 'पोलीस' लिहिलेलं नव्हतं.

"हा फोटो तू बाद केलास?"

"व्हय साहेब."

"का?"

"त्यांनी मागं एकदा थांबून सांगितलं होतं, मी साहेबांचा पुतण्या म्हणून."

"मी तुला कधी सांगितलं होतं का, याला सोड म्हणून?"

शिपाई माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी न्हाई सांगितलं साहेब. सांगावं लागत न्हाई."

मी त्याला रागावू शकलो नाही. त्याच्यावर कोणी दबाव टाकला नव्हता, त्यानं कशाची अपेक्षाही धरली नव्हती. जगात कसं राहायचं हे तो खात्यात येऊन शिकला होता, आणि ते खातं म्हणजे मीच होतो.

स्टेशन डायरीला नोंद केली, वरिष्ठांना फोन केला. जवळचा नातेवाईक असल्यानं तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग करावा अशी विनंती केली. "कागद येईपर्यंत आरोपी ताब्यात घ्या," असं वरून सांगितलं. जीप घेऊन गावाकडे निघालो. सोबत तोच हवालदार होता. एरवी त्याचं तोंड बंद नसायचं. त्या दिवशी सेनगाव मागे पडेपर्यंत तो नुसता बाहेर बघत होता.

गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली होती. भावानं मला पाहिलं आणि आत चहाचं सांगितलं. पुतण्या दारात येऊन उभा राहिला.

"थांबला का नाहीस?" मी विचारलं.

"मला वाटलं किरकोळ लागलं, काका."

"हाड बाहेर आलंय तिचं. थांबला का नाहीस?"

तो रडायला लागला. "थांबलो असतो तर तुमचं नाव आलं असतं. लोकायनं म्हणलं असतं, साहेबाच्या पुतण्यानं उडवलं."

तो बाईला तशीच टाकून पळाला, तो माझ्या नावासाठी. वर्दी अंगावर असताना मला इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं.

भाऊ हळू आवाजात म्हणाला, "त्या दुसऱ्या पोराच्या नावावर गेलंय ना सगळं? म्या ऐकलं."

"गेलं नाही अजून, दादा."

"मग जाऊ दे की. तुह्या एका शब्दानं होऊन जाईल. त्याहीचं काय हाय, त्याहीला सवय हाय."

"कशाची सवय, दादा?"

भावानं मान वळवली. त्याला कळत होतं तो काय बोलून गेला ते. बाहेर जीपजवळ हवालदार उभा होता. त्यानंही ऐकलं असणार, कारण तो मुद्दाम टायरला लाथ मारून हवा बघत होता.

चहा तसाच राहिला. पुतण्याला जीपमध्ये मागे बसवलं, गाडी पंचांसमक्ष जप्त केली. भाऊ फाटकापर्यंत आला. माझ्यासाठी शाळा सोडलेला माणूस. तो एवढंच म्हणाला, "तुला शिकवलं ते बराबर केलं म्या." तो रागानं म्हणाला की खरंच म्हणाला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पुढे बरीच वर्षं आम्ही लग्नकार्यात भेटलो, तेही शेजारी न बसता.

बाई शुद्धीवर आल्याचं कळलं तसा मी नांदेडला गेलो. जबाब नवा तपास अधिकारी घेणार होता. पण गाडी कोणाची हे तिला माझ्या तोंडून कळावं असं मला वाटलं. पायात सळई टाकलेली, पाय उचलून बांधलेला. शेजारी तिची बहीण बसली होती.

मी म्हणालो, "ताई, गाडी सापडली. चालवणारा माझा पुतण्या आहे. सख्ख्या भावाचा मुलगा."

 तिनं हातानं पदर सारखा केला. आजारी माणसालाही साहेबापुढे पदर सारखा करावा लागतो.

"तुमच्या घरचं लेकरू व्हय?"

"हो."

"मग राहू द्या साहेब," ती म्हणाली. "त्या आमच्या पोराला तेवढं सोडा. त्याची भरती हाय. मी लिहून देते, मीच मधात आले म्हणून."

बहिणीनंही मान हलवली; पोराला ठाण्यात नेल्याचं तिनंच सांगितलं असणार. दोघींपैकी एकीलाही यात काही वावगं वाटलं नाही. पाऊस आला की कपडे आत घ्यायचे, तितक्या सहज ती बोलली होती. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. शिव्यांत निदान आशा असते.

"राहू देणार नाही," मी म्हणालो. तिनं डोळे मिटून घेतले. तिचा विश्वास बसला नाही, आणि बसावा असं आम्ही काय केलं होतं?

पुढचं सगळं कायद्याप्रमाणे झालं. पुतण्यावर दोषारोपपत्र गेलं. पोराला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं, त्याचं नाव कुठल्याही कागदावर आलं नाही. पडताळणीत तो पास झाला आणि आज दुसऱ्या एका जिल्ह्यात शिपाई आहे. बाई चालते, पण लंगडते, आणि हळदीचं उभ्यानं करायचं काम आता तिच्यानं होत नाही. माझ्या ठाण्यापुरता मी आदेश काढला की आमच्या हद्दीतले बाद फोटो रोज अधिकाऱ्यानं पाहावेत. माझी बदली होईपर्यंत तो पाळला गेला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? आपण लाच घेतली नाही, कोणावर हात उचलला नाही, एवढ्यानं माणूस स्वच्छ ठरतो असं मला वाटायचं. पण मी न मागितलेली सूट माझ्या नावानं रस्त्यावर फिरत होती आणि कोणालातरी चिरडून घरी येऊन ताडपत्रीखाली लपत होती. आपल्या नावानं काय चालतं, ते आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

निवृत्तीनंतर मी साधी मोटारसायकल वापरतो. तिच्यावर काही लिहिलेलं नाही. मागच्या महिन्यात वारंगा फाट्याकडे जात होतो. रस्ता मोकळा होता आणि माझंही लक्ष नव्हतं. कॅमेऱ्याची जीप दिसली तेव्हा वेग जास्त होता, हे मला काट्यावर दिसलं. आतल्या शिपायानं मला ओळखलं असावं, त्यानं सलाम ठोकला. घरी आल्यावर मी फोन जवळ घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशीही पाहिला, आठवडाभर पाहत राहिलो. चलन आलं नाही.

माझा फोटो निघाला आहे. त्यावर कोणता शेरा पडला असेल, ते मला ठाऊक आहे.