दाराबाहेरचं बोलणं

सुरतेत लिंबायतच्या आमच्या कापडाच्या कारखान्यात माग सुरू झाले की कानात बोटं घातली तरी आवाज थांबत नाही. तिथं ओरडून उपयोग नसतो. आम्ही एकमेकांचे ओठ वाचतो. चार माग पलीकडच्यालाही घरचं सुखदुःख सांगता येतं. शेठला मात्र ते जमत नाही. त्याच्याशी बोलायचं तर त्याला दाराबाहेर न्यावं लागतं.

मी आलो तेव्हाचा मुकादम संशयी. मुकादमी म्हणजे दरारा, असं त्याचं पक्कं मत. कुणी हसताना दिसलं की आपल्यालाच हसतोय असं त्याला वाटायचं. त्याच्यानंतरचा लोण्यासारखा मऊ. कुणाला वाईट वाटू नये म्हणून सगळं शेठवर ढकलायचा, "मी काय करू बाबा, वरून आलंय." मला दोघांचाही राग यायचा. माझं आपलं एक घाव दोन तुकडे. मुकादमी माझ्याकडे आली तेव्हा म्हटलं, सगळ्यांना एकच नियम लावायचा, झालं. आपला-परका केला नाही की लोक मान देतात. तसा मान मिळाला, नाही असं नाही.

शेजारच्या मागांवर माझा जोडीदार असायचा. खानदेशातल्या एकाच गावचे आम्ही, सुरतेला आलो तेही बरोबरच. दिवसभर आमचे ओठ चालू: पोरींची लग्नं, गावची भांडणं, मुकादमाची टिंगल. मी मुकादम झालो आणि हळूहळू लोक माझ्याकडे पाठ करून बोलायला लागले. मी रांगेत शिरलो की अळीमिळी गुपचिळी. बाकीच्यांचं मी समजू शकत होतो. पण तो तरी आपला आहे ना, असं वाटायचं. त्यानं काहीतरी बोलावं म्हणून मी त्याच्या मागांपाशी उगाच रेंगाळायचो. फार एकटं वाटायचं हो.

गेल्या आठवड्यात त्यानं मला हात केला. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ पळतच गेलो आणि त्याच्या ओठांकडे बघत उभा राहिलो. ते हलले नाहीत. त्यानं हातातलं फडकं ठेवलं आणि खुणेनंच मला दाराकडे चला म्हटलं.

बाहेर रिक्षांची ये-जा चालली होती. एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं तो म्हणाला, "मुकादम, गावाला जायचं होतं. सुट्टी पाहिजे."

"जा," मी म्हटलं. तो आत गेला. मला अजून ओठ वाचता येतात, एवढं सांगायचं राहून गेलं.