उडून गेलेला वायू

मालक आणि मजूर एकाच कागदावर सही मागू लागले, तर तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहाल? मी कामगार चळवळीची पत्रके वाचत वाढले. त्यांत याचे उत्तर नव्हते.

सही मागत होते ती कुमुदमावशीची. बागबाजारातली आमची शेजारीण, जन्मापासून कलकत्त्याची. कोळशाच्या थरात किती वायू दडला आहे, हे ती प्रयोगशाळेत तपासायची. जमिनीतून काढलेला कोळसा तिथल्या तिथे डब्यात बंद करायचा, मग डब्याची नळी पाण्यात सोडून बुडबुडे मोजायचे. घरीसुद्धा कोणी बरणीचे झाकण सैल ठेवले की ती ओरडायची, "अगं, गेलं ना सगळं!"

एकदा राणीगंजकडच्या, बंद पडलेल्या एका खाणीचा नमुना उघड्या लाकडी पेटीत आला. पेटी सियालदहच्या फलाटावर पडून राहिली होती. तपासला, तर बुडबुडाच नाही. मालकाचा माणूस खूश झाला. "वायू नाही, एवढं लिहा. खाण उद्या सुरू."

"वाटेत उडून गेला तो कोणी मोजला?" मावशी म्हणाली. "बंद डब्यात दुसरा नमुना आणा."

मग बेकार झालेल्या मजुरांतर्फे रामधनी तीच सही मागायला घरी आला. "दीदी, खदान का पता नहीं, हमारे पेट में तो बस गॅस ही है." मावशी खळखळून हसली. त्याच्यापुढे लुची-आलूदमचे, म्हणजे पुरी-बटाट्याचे, ताट ठेवले. सही ठेवली नाही.

तो गेल्यावर मी भडकले. "मावशी, तू नक्की कोणाच्या बाजूची?"

"आधी डबा, मग बाजू."

मी तिच्याविरुद्ध पत्रक लिहायला बसले. मालकाविरुद्धही. दोन्ही पहिल्याच ओळीवर अडली.

दुसरा नमुना बंद डब्यात आला. नळीतून बुडबुडे थांबेचनात. हवा खेळवणारा मोठा पंखा बसल्याशिवाय आत जाणे म्हणजे मरण, असे मावशीने लिहून दिले. मालकाने पंखा बसवला नाही. खाण बंदच राहिली.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. नीमतल्ला स्मशानघाटावर रामधनी आला होता. आता तो सियालदहला भाजीच्या पाट्या उचलतो. चितेकडे पाहत म्हणाला, "दीदी ने हमको ज़िंदा रखा." मग, "भूखा भी रखा."

दोन्ही खरे होते. कोणते आधी लिहावे, मला अजून कळत नाही.

तुम्ही कधी राणीगंजकडे गेलात, तर खाणीच्या तोंडाशी उभे राहा आणि पंख्याचा आवाज येतो का, ऐका. येत नसेल, तर आत निघालेल्या माणसाचा हात धरा. आणि हात धरायचाच असेल, तर दुसऱ्या हातात त्याची भाकरी घेऊन जा.