सहावी ‘ब’चा ब्लॉग

देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत शहनाज अत्तार मराठी शिकवत. वर्गातली निम्मी मुलं फौजींची. कुणी पंजाबचं, कुणी तमिळनाडूचं. वर्षभरात ‘शाला’ची ‘शाळा’ होई, बाईंशी हुज्जत घालण्याइतकी जीभ सुटे आणि वडिलांची बदली येई. ट्रकमध्ये ट्रंका चढत. जूनमध्ये त्याच बाकांवर नवी मुलं बसत.

बाईंचं लग्न राहूनच गेलं होतं. आई गेल्यावर बाजारामागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या उरल्या. तोफांचा सराव सुरू झाला की फळीवरची भांडी वाजत. घरात तेवढाच काय तो आवाज.

प्रश्नपत्रिका टाइप करायला त्यांनी २००६ साली कॉम्प्युटर घेतला आणि हळूहळू ब्लॉगही उघडला. नाव ठेवलं ‘सहावी ब’. वर्ष संपताना त्या फळ्यावर ब्लॉगचा पत्ता लिहीत. मुलं तो वहीत उतरवून घेत, काहीजण तळहातावर. अंबाल्याला गेलेल्या मनदीपला, सिकंदराबादच्या सेल्वमला शाळेची खबर कळत राहावी, एवढाच हेतू. दर रविवारी त्या लिहीत. मैदानातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. ग्रंथपालांनी मिशी काढली, मुलांनी त्यांना ओळखलंच नाही. यंदा सेल्वमसारखी कविता म्हणणारं कुणी नाही.

तीन वर्षांत एकही प्रतिक्रिया आली नाही. स्टाफरूममध्ये कुणी विचारलंच तर त्या म्हणत, परीक्षा असतील पोरांच्या.

मग प्रतिभा शाळेत लागली. नुकतीच मराठीत एम.ए. झालेली. दोघी एकत्र डबा खात. तिने हौसेने ब्लॉगचा पत्ता मागून घेतला. दुसऱ्या दिवशी डबा संपल्यावर तिने विचारलं,

“ताई, तुम्ही ब्लॉग दुसऱ्या कॉम्प्युटरवर कधी पाहिलाय?”

“घरात कॉम्प्युटर असताना दुसरीकडे कशाला जाऊ?”

प्रतिभाने चाचरत सांगितलं. प्रश्नपत्रिकेचा फॉन्ट बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, म्हणून तिथे मराठी दिसतं. तो फॉन्ट नसेल तिथे नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. एक ओळ लागत नाही.

शहनाजबाई हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“म्हणजे त्यांना दिसतच नव्हतं? आणि मी बिचाऱ्यांवर रुसून बसले होते गं.”

त्या दिवशी त्यांनी वर्गाला गृहपाठ दिला नाही.

शनिवारी प्रतिभा त्यांच्या घरी आली. तिला एक प्रोग्राम मिळाला होता. तो जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देई. मग कुठेही उघडा, मराठीच दिसणार. बाईंनी चहा केला. प्रतिभाने अगदी पहिला लेख काढला. त्यात मनदीपचं नाव होतं.

मनदीप. पंखा वाजतो, फळा दिसत नाही, शेजारचा कोपर मारतो. दिवसातून दहा तक्रारी घेऊन टेबलापाशी येणारा. त्याने हे पान उघडलं असतं आणि कचरा दिसला असता, तर गप्प बसला असता का तो? इंग्रजीत का होईना, एक ओळ खरडलीच असती. बाई, काही दिसत नाही.

शहनाजबाईंनी कप खाली ठेवला.

“राहू दे, प्रतिभा.”

“अहो, थोडंसंच काम आहे. तुम्ही फक्त बसा.”

“नको. आत्ता त्यांना वाचता येत नाही, म्हणून ते लिहीत नाहीत. ते तसंच राहू दे.”

प्रतिभाने प्रोग्राम बंद केला.

रविवारी बाईंनी पुन्हा लिहिलं, त्याच फॉन्टमध्ये. प्रतिभाने घरी पान उघडून पाहिलं. तोच कचरा. सोमवारी डबा उघडता उघडता तिने विचारलं, “ताई, काल काय लिहिलंत?”

बाई खुर्ची तिच्याकडे सरकवून पहिल्या ओळीपासून सांगू लागल्या.