कोटातला सर्जन आणि टांगलेलं मूल
काल भिंतीचं भोक बुजवायला ओलं प्लास्टर कालवलं आणि त्या थंड, खडूसारख्या वासाने मॅसॅच्युसेट्समधल्या एका हॉस्पिटलचा, काही वर्षांपूर्वी मी पाहिलेला वर्धापनदिनाचा समारंभ आठवला. एकोणिसाव्या शतकात तिथला संस्थापक सर्जन कण्याचा क्षय झालेल्या मुलांना हनुवटीखाली पट्टा अडकवून टांगायचा आणि लोंबकळत्या अंगावर प्लास्टरचं जॅकेट चढवायचा. समारंभात पडद्यावर दाखवलेल्या फोटोत तो गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात, मूर्तीशेजारी देणगीदार उभा राहतो तसा उभा होता. मूल उघडं होतं. खाली नाव फक्त सर्जनचं. मंचावर एक जण पुतळ्याला ओल्या पट्ट्या गुंडाळून दाखवत होता आणि सूटमधले संचालक पंगतीत तूप वाढावं तसा ‘करुणा’ हा शब्द वाढत होते. मग त्यांनी तिथेच उपचार घेणाऱ्या, माझ्या मित्राच्या बारा वर्षांच्या मुलीला वर बोलावलं. तिच्या वाकलेल्या कण्याला प्लास्टिकचा ब्रेस होता. तो कोणाला दिसू नये म्हणून ती उन्हाळ्यातही स्वेटर घालायची. “बाबा, प्लीज, नको,” ती म्हणाली. “जा गं, केवढा मान आहे,” म्हणत त्याने तिला मंडळाच्या गणपतीत नाचाला ढकलतात तसं ढकललं. “स्वेटर काढतेस? लोकांना प्रगती दिसू दे,” संचालक म्हणाले. ती माईककडे वळली. “शुअर. यू फर्स्ट.” संचालकांचा हात टायच्या गाठीशी गेला आणि तिथेच राहिला. ती खाली आली, स्वेटरसकट. पोरीने चारचौघांत लाज काढली, असं मित्र अजून म्हणतो. मला वाटतं, त्या सगळ्या भाषणबाजीत पेशंटचं म्हणणं तेवढंच ऐकू आलं.