बँडस्टँडजवळचे खंदक

शैलजा डबीर जबलपूरच्या एका मुलींच्या शाळेत कवायत आणि खोखो शिकवायच्या. शाळेला मैदान नव्हतं, म्हणून रोज सकाळी मुलींना घेऊन त्या शहरातल्या जुन्या बागेत यायच्या. तिथे इंग्रजांच्या वेळचा बँडस्टँड होता, दगडी कारंजं होतं, झोपाळे होते आणि मधे सपाट मोकळी जागा. तिथेच त्यांनी खोखोचे दोन खांब रोवले होते.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई लागली आणि विमानहल्ल्यात लपायला त्या जागेवर नागमोडी खंदक खणले गेले. बाईंनी तक्रार केली नाही. नवरा मुरलीधर तोफगाड्यांच्या कारखान्यात बारा-बारा तास राबत होता. लढाई म्हणजे काय ते घरात दिसत होतं. पण लढाई थांबली, दिवाळी गेली, तरी खंदक तसेच. एका सकाळी बेबी, त्यांची सगळ्यात चपळ खेळाडू, पळता पळता आत पडली आणि तिच्या पायाचं हाड मोडलं.

बाईंनी बागेच्या कचेरीत तीन अर्ज दिले. वरून हुकूम आला की बुजवू, एवढंच उत्तर मिळालं. चौथा अर्ज त्यांनी लिहिलाच नाही. फावडं आणि दोन घमेली घेऊन त्या बागेत आल्या, पदर खोचला आणि काठावरची माती आत लोटू लागल्या.

माळी नथ्थू धावत आला. "बाईजी, सरकारी गड्ढा है. मेरी नौकरी जाएगी."

"मेरा नाम बता देना," बाई म्हणाल्या. फावडं थांबलं नाही.

आठवडाभर त्यांच्या तळहातांवर फोड बघून मुरलीधरनं विचारलं, "एकटी काहून करून राहिली हे?"

"हुकमाची वाट पाहत मुली म्हाताऱ्या होतील."

त्या रविवारी तो कारखान्यातले चार मित्र घेऊन आला. मग मुलींच्या आयाही येऊ लागल्या. नथ्थू आधी नुसता बघत बसायचा. पुढे तोच बुजवलेल्या मातीवर पाणी मारून दूर्वा लावू लागला.

जानेवारीत बागेचे साहेब पाहणीला आले. हे कोणी भरलं, असं त्यांनी दरडावून विचारलं. बाई पुढे झाल्या, पण नथ्थू आधी बोलला. "मैंने भरा, साहब. बच्ची गिरी थी."

साहेबांनी त्या हिरव्या पट्ट्यावरून चालून पाहिलं. मग उरलेला कोपराही सपाट करा म्हणाले आणि निघून गेले. बेबी पुढच्या हंगामात पुन्हा धावली, थोडी लंगडत, पण धावली.

एकाहत्तरला परत खंदकांची वेळ आली. या खेपेला बाई आधीच कचेरीत गेल्या. खांब, झोपाळे, कारंजं सगळं दाखवणारा हाताने काढलेला नकाशा त्यांनी टेबलावर पसरला आणि खंदक कुंपणाच्या कडेने घ्या म्हणून ठाण मांडून बसल्या. दुपारपर्यंत मान्य झालं. त्या डिसेंबरात भोंग्याची तालीम झाली की मुली डाव सोडून कुंपणाशी खंदकात उतरायच्या, आणि दुसरा भोंगा झाला की पुन्हा आपापल्या जागी उकिडव्या बसायच्या.